सातखिडकीला रस्ता नाही

त्या घरात मी किती दिवस होते हे मला आठवून सांगावं लागत नाही. चारशे अकरा. मामांच्या जुन्या मोजणीवहीच्या मागच्या पानांवर रोज सकाळी मी एक उभी रेघ ओढत असे, आणि ती वही अजून माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, डावीकडून तिसरी आहे. घर साताऱ्यात, पहिल्या मजल्यावर, तीन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मामा, मधल्या खोलीत मामी आणि स्वयंपाक, मागच्या खोलीत मी. मागच्या खोलीला एकच खिडकी होती. तिच्यातून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसे आणि टाकीच्या वर, बोटभर, अजिंक्यताऱ्याचा कडा. बाकीचा सातारा मी ऐकला. दूधवाल्याच्या किटल्या, पलीकडच्या शाळेची घंटा, नाक्याकडे वळताना एसटीनं टाकलेला गिअर, भंगारवाल्याची आरोळी, कुठल्यातरी घरातला कुकर, आणि आमच्याच पायाखाली, तळमजल्यावर, पिठाची गिरणी. गिरणी अकरा ते एक चालायची. तेवढा वेळ घरातली सगळी भांडी मांडणीत बारीक थरथरत राहायची आणि मामींच्या चहाच्या कपात गोल गोल वर्तुळं उठायची.

मी तिथं का होते ते थोडक्यात लिहिते, कारण त्यावर जास्त लिहावं असं त्यात काही नाही. आमचं गाव कुंडलजवळ. घरचा ऊस, वडील फौजेत, वर्षातून दोनदा रजेवर. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात आमच्या भावकीतली एक मुलगी कॉलेजला म्हणून गेली आणि परत आली नाही. तिनं आपल्या पसंतीनं लग्न केलं होतं. ती चांगल्या घरात पडली, आजही सुखात आहे, पण त्या वेळी भावकी बसली आणि घरातल्या उरलेल्या पाच मुलींचं कॉलेज एका दुपारी बंद झालं. त्या पाचांत मी. आण्णांनी तिकडून पत्रानं शिक्कामोर्तब केलं. नेमक्या त्याच दिवसांत मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरात कुणीतरी हाताशी हवं होतं, म्हणून मला साताऱ्याला पाठवलं. आण्णांच्या पत्रातलं वाक्य होतं, ‘पोरगीने एकटीने दाराबाहेर पाय टाकायचा नाही.’ मामा म्हणजे तीस वर्षं मोजणी खात्यात काढलेला माणूस. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं, त्यावर मिळाल्याची तारीख टाकली आणि भिंतीवरच्या खिळ्याला लटकवलेल्या तारेत खोचलं. दाराची वरची कडी मी आल्या दिवसापासून लागू लागली. मामा वाईट नव्हते. हुकूम होता, आणि ते हुकूम पाळत होते. पण वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मामी म्हणायच्या, “तुला बंदी हाय, मला गुडघा हाय. दोघी सारख्याच.” पण मामींचा गुडघा दर महिन्याला थोडा सुधारत होता. त्या पाय स्टुलावर ठेवून बसत आणि मला स्वयंपाक सांगत. हुलग्याचं पीठ मळून, तळव्यावर वळून, त्याची कडी करून उकळत्या रश्शात सोडायची ती शेंगोळी मी त्यांच्याकडूनच शिकले. एखादं शेंगोळं जाड झालं तर त्यांना लांबून दिसायचं. “ते तिसरं काढ. ते बैलाच्या शेपटीवानी झालंय.” दुपारी भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. सणाला कंदी पेढे मामा आणायचे, कागदाच्या पुडीत, आणि पुडीचा कागद मी जपून ठेवायचे, कारण लिहायला कागद लागायचा. याद्या करायची सवय मला त्याच घरात लागली. बाहेर जाता येत नसेल तर माणूस आतल्या वस्तू मोजायला लागतो. डब्यांची यादी, मामींच्या गोळ्यांची यादी, दिवसभरात ऐकू आलेल्या आवाजांची यादी. आवाजांची यादी सगळ्यांत लांब व्हायची.

नकाशा त्या यादीतून निघाला. मामा निवृत्त झाले तरी लोक त्यांच्याकडे शेताचे नकाशे उतरवून घ्यायला येत. माझ्या खोलीत त्यांचं टेबल होतं. वर जाड काच, काचेखाली दिवा. दिवा लावला की खालचा जुना नकाशा वरच्या ट्रेसिंग पेपरवर उमटे आणि मग नळीच्या पेनानं तो गिरवायचा. मामांचा हात कापू लागला होता, म्हणून गिरवायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्यांची शेतं, दुसऱ्यांचे बांध, दुसऱ्यांच्या विहिरी. उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर एकदा मी सहज एक नदी काढली. तिचं नाव घुमरी ठेवलं. तिच्यात पाणी नव्हतं, आवाज वाहत होते. सगळ्या जगात निघालेले आवाज शेवटी तिला येऊन मिळत. मग नदी आहे तर डोंगर हवा, डोंगर आहे तर त्यावर कुणीतरी राहायला हवं. गिरणी चालू असताना रेघ सरळ येत नसे, म्हणून अकरा ते एक मी फक्त डोंगर काढायचे, डोंगराला थरथर चालते. समुद्र, गावं, अक्षरं बाकीच्या वेळात. चार महिन्यांत अडीच फूट लांब आणि दोन फूट रुंद जग तयार झालं. त्यात ताकाचा समुद्र होता. पाठीवर बाजार भरवून फिरणारा एक देवमासा होता, त्याचं नाव पाठबाजार. चोचगडावर पक्षी राहत आणि ते भाडेकरू म्हणून माणसं ठेवत. उत्तरेला एक राक्षस मेंढ्या राखत बसला होता. आणि बरोबर मध्ये सातखिडकी नावाचं गाव. तळं, आंब्याची झाडं, वाचनालयाचा मनोरा, आणि सात खिडक्यांचं एक घर. ते गाव मी सगळ्यांत मन लावून काढलं होतं.

मामांनी ते पाहिलं तेव्हा मला वाटलं ओरडतील, कागद महाग असायचा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “उत्तर कुठाय?”

“कसलं उत्तर?”

“उत्तर दिशा गं. बाण नाही. प्रमाण नाही. सूची नाही. असला नकाशा मी कचेरीत घेतला नसता.”

मग ते माझ्या शेजारी बसले. बाण आला. प्रमाण आलं, एक सेंटिमीटर म्हणजे एका दिवसाची चाल. सूची आली: तुटक रेघ म्हणजे पायवाट, सलग रेघ म्हणजे रस्ता, त्रिकोण म्हणजे देऊळ, त्रिकोणावर चोच म्हणजे पक्ष्यांचं देऊळ. चतुःसीमेवर ते अडून बसले. जमिनीच्या प्रत्येक कागदावर पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, असं चारही बाजूंचं लिहावं लागतं, नाहीतर तो कागदच नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

“मामा, हे जग आहे. जगाच्या शेजारी कोण असणार?”

“ते तुला माहीत. पण लिही. नाहीतर उद्या शेजारचं जग बांध कोरत आत येईल, मग माझ्याकडे रडत येऊ नकोस.”

मी लिहिलं. पूर्वेस झोप, पश्चिमेस धुकं, दक्षिणेस ज्याला अजून कुणी बघितलं नाही तो, उत्तरेस कोरा कागद. मामांनी चारही नावं गंभीरपणे वाचली आणि मान हलवली. मग त्यांचं बोट नकाशाच्या मध्ये जाऊन थांबलं. सातखिडकीभोवती ते बोट एकदा फिरलं, परत एकदा फिरलं. उत्तरेला राक्षसाचं कुरण, पूर्वेला चोचगडाची हद्द, बाकी दोन्हीकडे दुसऱ्या गावांचे बांध, अगदी चिकटून.

“वैशे,” ते म्हणाले, “या गावाला रस्ता नाही.”

मी बघितलं. खरंच नव्हता. बाकी सगळ्या गावांना होता. पाठबाजाराला तर दोन होते, शेपटीकडून आणि डोक्याकडून. जे गाव मी सगळ्यांत जास्त दिवस काढत होते त्याच्यातून बाहेर पडायला कुठूनही वाट नव्हती, आणि ते चार महिने माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हणाले, आत्ता काढते. पेन हातात होतं. मामांनी माझं मनगट धरलं.

“नाही. जमिनीवर नाही ती वाट नकाशात काढायची नाही. आयुष्यात मी ते केलं नाही, तूही करायचं नाही. आधी वाट मिळवायची, मग काढायची.”

“कशी मिळवायची?”

“अर्ज करून. चारी बाजूंनी अडकलेल्या शेताला शेजाऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. कायदाच आहे.” आणि मग, माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या तारेकडे बघत म्हणाले, “हुकूम मोडता येत नाही. पण हुकमाविरुद्ध अर्ज करता येतो.”

इतकी माणसं मी पुढं आयुष्यात बघितली, पण आपणच लावलेल्या कडीविरुद्ध अर्ज कसा करायचा हे शिकवणारा तुरुंगाधिकारी दुसरा बघितला नाही.

अर्ज करायला कारण मिळालं ते पंधरा दिवसांनी. सांगलीहून एक गृहस्थ आपल्या छापखान्याच्या जागेचा नकाशा न्यायला आले. त्यांना सगळे बापू म्हणत. लग्नपत्रिका, शाळांचे तक्ते आणि दिवाळीला मुलांसाठी एखादं चित्रांचं काहीतरी, असं ते छापत. जागेचा नकाशा बघताना काचेखालचा दिवा चालू होता आणि शेजारी माझं जग पडलं होतं. बापू आपल्या जागेचं विसरले. वाकून वाकून बघत होते. राक्षसापाशी हसले, पाठबाजारापाशी म्हणाले, “आयला, ह्यो मासा भाडं घेतो काय?” मग मामांना विचारलं, “कुणी काढलं?”

“भाची.”

बापू मधल्या खोलीकडे बघू लागले, जणू भाची कुणीतरी मोठी बाई असेल. मी ट्रे घेऊन समोरच उभी होते. ते म्हणाले, हे मी दिवाळीला छापतो, चार रंगांत, भिंतीवर लावायच्या आकारात. एकच अट. “ज्यानं काढलंय त्यानं मशिनपाशी हुबं राहून रंग ठरवायचा. मागं एका पोरांच्या चित्रात माझ्या माणसानं हत्ती हिरवा केला. शाळेचे मास्तर अजून मला हत्तीवाला म्हणतात.” मामांनी नकाशा त्यांच्याकडे दिला. त्यावरून छपाईसाठी एकेका रंगाची फिल्म काढून बापूंनी कळवायचं, आणि मग मी सांगलीला जायचं.

मी सांगलीला जायचं. हे वाक्य बापूंना फार सोपं वाटलं होतं.

दिवाळीनंतर वडूजकडचे पाहुणे मला बघायला येणार होते. मुलगा फौजेत, आण्णांच्या ओळखीतला. म्हणजे दिवाळीआधी एक दिवस मिळाला तर मिळाला, नंतर मी कुणाच्या हुकमात असेन आणि तिथं अर्जाची पद्धत असेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. मामांनी मला कोरा कागद दिला आणि समास सोडायला लावला. पहिला अर्ज मी चार ओळींचा लिहिला. तो आण्णांच्या पत्त्यावर गेला. एकोणीस दिवसांनी त्यांचं पाकीट आलं, आत माझाच अर्ज, आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात आण्णांच्या अक्षरात: ‘अर्जात कारण नमूद नाही. परत.’

मी तो कागद चुरगाळला. मामांनी तो उचलून, हातानं सरळ करून तारेत खोचला. “फेटाळला नाही. परत केलाय. दोन्हींत लय फरक आहे,” ते म्हणाले. खरं सांगायचं तर तेव्हा मला काही फरक दिसला नाही. त्या आठवड्यात मी एकही रेघ गिरवली नाही. आवाजांची यादी केली नाही. गिरणी चालू झाली की कानांवर उशी घेऊन पडायचे. मामी मधल्या खोलीतून हाका मारत, “वैशे, शेंगोळ्याला पीठ मळ,” आणि मी मळायचे, पण वळायचे नाही.

दुसरा अर्ज लिहायच्या आधी मी मोजणीच्या पद्धतीनं आजूबाजूच्या शेजाऱ्यांना विचारलं. लगतच्या माणसाला विचारल्याशिवाय मोजणी होत नाही, हे मामांचं. मामांना विचारलं, तुमची हरकत आहे का? म्हणाले, माझी काय हरकत, दाजींचा हुकूम आहे. मामींना विचारलं. “माझी कशाची हरकत गं बाई, आण्णांस्नी इचार.” मामा बूथवर गेले तेव्हा त्यांनी गावाकडे फोन लावून आईला विचारलं. आई म्हणाली, “माझं काय हाय, त्यास्नी इचारा.” मग मी लिहिलं. त्या अर्जाची नक्कल माझ्याकडे आहे, तशीच उतरवते.

‘विषय: वाट मिळणेबाबत. अर्जदार कु. वैशाली, वय अठरा, राहते त्या जागेची चतुःसीमा खालीलप्रमाणे. पूर्वेस मामा. पश्चिमेस मामी. उत्तरेस आई व भावकी. दक्षिणेस वडूजचे पाहुणे. यांपैकी पहिल्या तिघांकडे चौकशी केली. वाट देण्यास कोणाचीही हरकत नाही, परंतु वाट आण्णांच्या मालकीची आहे असे तिघेही सांगतात. पाहुण्यांना विचारलेले नाही, त्यांनी अर्जदाराला अजून पाहिलेले नाही. कारण: नकाशा अर्जदाराने काढला आहे. समुद्राचा रंग फक्त अर्जदाराला माहीत आहे. तरी एक दिवस वाट मिळावी.’

या अर्जाला उत्तर आलं नाही. तेवीस दिवसांनी, सकाळी दूधवाला येऊन गेल्यावर, कडी वाजली आणि दारात ट्रंक घेऊन आण्णा उभे होते. रजेवर आले की ते आधी गावाला जात. त्या वेळी साताऱ्यालाच उतरले होते. चहा घेताना त्यांनी खिशातून माझा अर्ज काढून मामांच्या पुढं ठेवला.

“पावणं, ही काय भानगड हाय?”

“भानगड नाही, दाजी. प्रकरण आहे,” मामा म्हणाले. “आणि असल्या प्रकरणात स्थळपाहणी लागते. नुसत्या कागदावर निकाल देता येत नाही. जागेवर जाऊन बघावं लागतं.”

“मग बघतो की. कुटं हाय जागा?”

मामांनी मागच्या खोलीकडे बोट केलं.

आण्णा आत आले आणि माझ्या स्टुलावर बसले. माझ्या आठवणीत आम्ही दोघं एका खोलीत इतका वेळ कधीच बसलो नव्हतो. त्यांनी आधी खिडकी बघितली.

“काय दिसतंय हितनं?”

“टाकी.”

“आनि?”

“बोटभर किल्ला. तिथून नाही दिसायचा, डावीकडं वाकावं लागतं.”

ते वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग काचेवर ठेवलेली नकाशाची माझी कच्ची प्रत बघायला लागले. घुमरी नदी बोटानं वरून खालपर्यंत चालत आले. राक्षसापाशी थांबले. “ह्यो कोन?”

“तो मेंढ्या मोजतो. एक मेंढी गेली म्हणून उरलेल्या सगळ्या आत घेऊन बसलाय.”

आण्णांनी कागद जवळ घेतला. “मिशी माझ्यावानी हाय.”

“नाही आण्णा.”

“हाय.”

अकरा वाजता गिरणी चालू झाली. त्यांनी टेबलाची कड धरली, फौजेतल्या माणसाला जमीन हलली की जे वाटत असेल ते त्यांच्या तोंडावर आलं. “हे रोज?” मी म्हटलं, रोज, दोन तास. ते दोन तास ते तिथंच बसले. जेवण मागच्या खोलीतच आणायला सांगितलं. दुपारी मी गिरवत बसले आणि ते बघत बसले. शाळेची घंटा झाली. भंगारवाला गेला. ते उठले, बसले, परत उठले. खोली सात पावलांची होती. चारच्या सुमारास ते मधल्या खोलीत जाऊन चपला शोधायला लागले.

“जरा नाक्यापतूर जाऊन येतो. पाय आखडलं.”

मामी स्टुलावर पाय ठेवून डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आवं दाजी, पाहणी अर्धी टाकून कुटं निघाला? पोरगी तर वरीसभर पाहणी करतीया.”

आण्णा एक चप्पल पायात, एक हातात, असे उभे राहिले. मामा वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. मग आण्णांनी पायातली चप्पल काढली, दोन्ही भिंतीशी नीट ठेवल्या आणि परत आत येऊन बसले. दिवे लागेपर्यंत बसले. त्यानंतर मामांकडे कागद मागितला आणि माझ्याच अर्जाच्या खाली लिहिलं: ‘मंजूर. एक दिवस. सातारा ते सांगली व परत. सोबत वडील. दिवेलागणीच्या आत हजर.’ खाली सही, हुद्द्यासकट.

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी मनात तास मोजले. पहिल्या गाडीनं गेलं आणि दिवेलागणीला परत आलं तर छापखान्यात सहा तास मिळतील.

मामांनी बूथवरून बापूंना कळवलं आणि तिसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या एसटीनं निघालो. आण्णांनी मला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला, पाय जाण्यायेण्याच्या वाटेत पसरून, पहाऱ्यावर बसल्यासारखे. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. दोन्ही बाजूंना ऊस. मी यादी करायची ठरवली होती, पण इतकं एकदम दिसत होतं की एकही गोष्ट लिहून झाली नाही. अख्ख्या प्रवासात आण्णा एकच वाक्य बोलले, “गार लागत आसंल तर काच लाव.” मी लावली नाही.

छापखाना गिरणीपेक्षा मोठा आवाज करत होता, म्हणून मला तिथं लगेच सुचायला लागलं. पिवळा आणि लाल आदल्या दिवशी छापून झाले होते. निळा माझ्यासमोर जायचा होता आणि शेवटी काळा, म्हणजे सगळ्या रेघा आणि अक्षरं. मशिनवर एक वयस्क माणूस होता. त्यानं पहिला कागद काढून बापूंपुढं धरला, बापूंनी माझ्यापुढं धरला. समुद्र गर्द निळा आला होता.

“हा नाही,” मी म्हटलं. “ताक पाहिजे. ताकाला कडेला जेवढी निळसर झाक असते तेवढीच.”

मशिनवाल्यानं बापूंकडे बघितलं. बापू म्हणाले, “माझ्याकडं काय बघतोस? मालकीण ती हाय.” त्यानं शाई कमी केली. पुन्हा कागद, पुन्हा कमी. पाचव्या कागदावर समुद्र ताकाचा झाला. आण्णा दाराशी हात मागं बांधून उभे होते. माझ्या सांगण्यावरून एवढा मोठा माणूस चक्र फिरवतो हे ते बघत होते, आणि मी त्यांना बघत होते.

मग बापूंनी काळ्याची फिल्म काचेच्या टेबलावर ठेवली. खाली दिवा, अगदी मामांच्यासारखा. “आता काय राहिलं-साहिलं आसंल तर ह्याच्यावर काढायचं. प्लेट झाली की संपलं.” मी पिशवीतून मामांचं नळीचं पेन काढलं, टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं होतं. सातखिडकीच्या दक्षिणेकडच्या बांधावरून मी वाट सुरू केली. एक तुकडा, जागा, एक तुकडा, जागा. दोन गावांच्या हद्दीतून ताकाच्या समुद्रापर्यंत, जिथं पाठबाजार येऊन थांबतो.

आण्णा मागं येऊन उभे राहिले होते. “ही तुटक कशापायी?”

“तुटक म्हणजे पायवाट. रस्ता सलग असतो.” मी सूचीवर बोट ठेवलं.

“मग रस्ताच काढ की.”

“हुकमात एकच दिवस लिहिलाय, आण्णा. जेवढं जमिनीवर आहे तेवढंच काढायचं.”

मशिन थांबलेलं होतं. बापू उगाच शाईचे डबे इकडचे तिकडे करत होते. आण्णांनी हात पुढं केला. “पेन दे.”

ते वाकले आणि सातखिडकीच्या बाजूनं, पहिल्या दोन तुकड्यांमधली जागा भरली. मग दुसऱ्या-तिसऱ्यामधली. असलं पेन त्यांनी कधी धरलं नव्हतं, त्यामुळे दाबून, माझ्या रेघेच्या दुप्पट जाड. बापू ओरडले, “आवं साहेब, हळू, पसरंल!” तिसरी जागा भरताना शाईचा एक थेंब बांधाच्या बाहेर गेला. आण्णांनी पेन उचललं, पुढच्या सगळ्या तुटक वाटेकडे समुद्रापर्यंत बघितलं आणि पेन माझ्या हातात परत दिलं.

“एवढंच. फुडचं फुडं बघू.”

संध्याकाळी दिवे लागायच्या आत आम्ही साताऱ्यात होतो. काखेत ओल्या शाईच्या वासाची सुरळी होती. मामींनी दार उघडलं, आम्ही आत आलो, आणि मामांनी सवयीनं वरची कडी लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहीत रेघ ओढली. ती तीनशे सत्तरावी होती. पुढच्या एक्केचाळीस मला ओढाव्या लागल्याच. वडूजचे पाहुणे येऊन गेले, त्यांना मुलगी जास्त बोलते असं वाटलं. सांगलीत पुढं शिकायला तिसरा अर्ज करावा लागला, राहायच्या जागेसाठी चौथा, नोकरीसाठी पाचवा. प्रत्येक वेळी कारण नमूद करावं लागलं. एकदम सगळा रस्ता मला कुणी दिला नाही. माझ्या मुलीला हे सांगितलं की ती चिडते, आणि तिचं चिडणं बरोबर आहे.

नकाशा त्या दिवाळीला निघाला. सूचीत तीन तुकडे जाड आणि पुढं तुटक अशी कुठलीच खूण नाही, त्यामुळे मुलांची पत्रं यायची, हा अर्धा रस्ता, अर्धी पायवाट म्हणजे काय? मी लिहायचे, तिथपर्यंत मंजूर झालाय. यंदा त्याची नवी आवृत्ती निघते आहे. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या मुलीनं मला फोन केला, “मॅडम, मधे एक रेघ पसरलीय, साफ करू का?” मी नको म्हटलं.

आण्णा आता माझ्याकडे सांगलीत असतात. त्यांचाही गुडघा गेला, जिना उतरता येत नाही. दिवसभर खिडकीशी बसतात आणि समोरच्या भिंतीवर तो नकाशा आहे. नव्या आवृत्तीचं ऐकल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं. परवा दुपारी मी भाजी निवडत होते तेव्हा पुन्हा म्हणाले, “वैशे, ते राह्यल्यालं तुकडं आता भरून टाकूया की. पेन आन.”

मी म्हटलं, “आण्णा, असं तोंडी चालत नाही. अर्ज करा. कारण लिहा.”

त्यांनी चष्मा चढवला आणि कागद मागितला. समास सोडून लिहायला सुरुवात केली आहे. कालपर्यंत विषय लिहून झाला होता. कारणापाशी थांबलेत.